कोरिया वाचणारी माणसं

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९६७ पासून पाक ब्योंगसॉन नावाच्या एक कोरियन बाई काम करत होत्या. १९५५ मध्ये शिक्षणासाठी फ्रान्सला निघताना त्यांच्या इतिहासाच्या गुरुजींनी त्यांच्यामागे एक काम लावून दिलं होतं. १८६६ मध्ये फ्रेंच आरमाराने कोरियाच्या कांगह्वा बेटावर हल्ला केला, तिथलं राजग्रंथालय जाळलं आणि जाताना काही शे पोथ्या उचलून नेल्या. त्या तिकडे कुठे दिसतात का, एवढं बघ.

बघता बघता वीस वर्षं गेली. मधल्या काळात बाईंच्या हाती दुसरंच घबाड लागलं. 'जिक्जी' या बौद्ध ग्रंथाचा एक सुटा भाग त्याच ग्रंथालयात पडून होता. मोरीस कुराँ या फ्रेंच दुभाष्याने कोरियन ग्रंथांची जी प्रचंड सूची केली (तीत ३,८२१ नोंदी आहेत), तिच्या पुरवणीत त्याचा उल्लेखही होता. पण तो खरोखरच धातूच्या खिळ्यांनी छापलेला आहे, हे पाकबाईंनी दाखवून दिलं आणि १९७२ च्या प्रदर्शनात तो जगासमोर आला. छपाईचं साल १३७७. गुटेनबर्गच्या बायबलाच्या ७८ वर्षं आधीचं.

गुरुजींनी सांगितलेल्या पोथ्या सापडल्या १९७५ मध्ये. ग्रंथालयाच्या व्हर्सायच्या शाखेत त्या 'चिनी पुस्तकं' म्हणून पडल्या होत्या. राजघराण्यातली लग्नं, अंत्यविधी, मेजवान्या, मिरवणुका यांच्या त्या सचित्र नोंदवह्या. कोणत्या समारंभाला किती सुतार लागले, किती कापड लागलं, कोण कुणाच्या मागे चाललं, सगळं टिपलेलं. ही बातमी बाहेर फुटल्यावर बाईंना नोकरी सोडावी लागली. मग त्या साध्या वाचक म्हणून रोज तिथेच येऊन बसू लागल्या आणि एकेका खंडाचा गोषवारा लिहू लागल्या. २०११ मध्ये २९७ खंड कोरियात परतले. दर पाच वर्षांनी मुदत वाढवून घ्यायची, अशा उसनवारीच्या करारावर परतले, हा त्यातला फ्रेंच कावा. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाई वारल्या.

पोथ्या चिनी म्हणून का गणल्या गेल्या? उघडून बघणाऱ्याला आत चिनी अक्षरंच दिसत होती म्हणून. भारताच्या अभ्यासाला आपण भारतविद्या म्हणतो, तशी कोरियाच्या अभ्यासाची ही कोरियाविद्या. कोरियन लोक तिला 'हानगुखाक' म्हणतात. तिची सगळी अडचण या एका चुकीच्या नोंदीत आहे. राजा सेजोंगने १४४३ मध्ये हंगुल लिपी तयार केली, १४४६ मध्ये ती जाहीर झाली. पण त्यानंतरही साडेचारशे वर्षं सरकारी कागद, न्यायनिवाडे, तत्त्वज्ञान, वंशावळी, पंडितांची पत्रं हे सारं 'हानमुन'मध्येच लिहिलं गेलं. हानमुन म्हणजे अभिजात चिनी. हंगुल उरली ती बायकांच्या पत्रांत, कादंबऱ्यांत, गाण्यांत. १८९४ च्या सुधारणांनंतर ती सरकारी कागदावर आली, तोवर जपान दाराशी येऊन ठेपला होता. १९१० ते १९४५ या जपानी अमलाच्या काळातलं दप्तर जपानी भाषेत आहे. म्हणजे कोरियाचा इतिहास शिकवायला उभं राहायचं तर कोरियन, हानमुन आणि जपानी या तिन्ही भाषा हाताखाली हव्यात. यांतली एकही दुसरीची बहीण म्हणावी अशी सिद्ध झालेली नाही.

आपल्याकडे मोडीचं काय झालं ते आठवा. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल आहेत, आणि मराठी ज्याची मातृभाषा त्यालाही रुमाल सोडल्यावर एक ओळ लागत नाही. पण मोडीतला मजकूर निदान मराठीच असतो. लिपी उलगडली, चार फार्सी शब्द कळले, की पणजोबा बोलू लागतात. सोलमधल्या नातवाला मात्र पणजोबांचं पत्र वाचायला अख्खी परकी भाषा शिकावी लागते. आणि आता शाळेत चिनी अक्षरंही नावापुरतीच शिकवतात.

या दप्तराचा पसारा तरी केवढा! जोसॉन घराण्याचा राजवृत्तान्त, 'सिल्लोक', १३९२ पासून पुढची ४७२ वर्षं सांगतो. त्याचे १,८९३ खंड. राजा जिवंत असेपर्यंत वृत्तलेखक टिपणं काढत, तो गेल्यावर त्यांतून वृत्तान्त रचला जाई, आणि राजाला ती टिपणं पाहण्याची मनाई होती. १४०४ मध्ये राजा थेजोंग शिकारीत घोड्यावरून पडला. उठल्या उठल्या त्याने सांगितलं, की हे वृत्तलेखकाला कळू देऊ नका. हे आपल्याला माहीत आहे, कारण वृत्तलेखकाने घोड्यावरून पडणंही लिहिलं आणि ही ताकीदही लिहिली. वृत्तान्ताच्या प्रती चार ठिकाणी ठेवलेल्या होत्या. १५९२ च्या जपानी स्वारीत त्यांतल्या तीन जळाल्या. जॉनजूची प्रत दोन पंडितांनी डोंगरात हलवून वाचवली, म्हणून आज पहिली दोनशे वर्षं हाती आहेत.

दक्षिण कोरियाने या सगळ्याचं आधुनिक कोरियनमध्ये भाषांतर १९९३ पर्यंत पुरं केलं, १९९५ मध्ये ते सीडीवर आलं आणि पुढे इंटरनेटवर सर्वांना फुकट खुलं झालं. तिथून या अभ्यासाचं रूपच पालटलं. आधी ज्या नोंदीसाठी विद्वानाची दोन वर्षं जात, ती कादंबरीकाराला दोन मिनिटांत मिळू लागली. जांगगम नावाच्या राजवैद्येचे सिल्लोकमध्ये मोजके, त्रोटक उल्लेख आहेत. त्यांच्यावर २००३ मध्ये चौपन्न भागांची मालिका उभी राहिली आणि ती जगभर गाजली. यातला एक तोटा मात्र मला जाणवतो. यंत्रात शब्द टाकून शोधणाऱ्याला त्याने विचारलेलंच सापडतं. पानं उलटणाऱ्याला न विचारलेलंही सापडायचं. शिवाय राजाच्या सचिवालयाची रोजनिशी आहे ती वेगळीच. तिचे ३,२४३ खंड, चोवीस कोटींहून अधिक अक्षरं. तिचं भाषांतर अजून चालूच आहे.

आता हे शिकवणारे कोण? पाश्चात्त्य विद्यापीठांत कोरियाला स्वतंत्र विभाग सहसा मिळत नाही. पूर्व आशिया विभागात चीनची फौज, जपानची पलटण आणि कोपऱ्यात कोरियाची एक खुर्ची. त्या खुर्चीवरच्या माणसाने सकाळी भाषा शिकवायची, दुपारी बौद्ध धर्म आणि संध्याकाळी कोरियन युद्ध. अमेरिकेत या खुर्चीवर पहिल्या पिढीत आले ते युद्धाने तिकडे नेलेले लोक. एडवर्ड वॅग्नर दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्करी प्रशासनात कोरियात होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हार्वर्डमध्ये कोरियाचा अभ्यास सुरू केला. पुढची पिढी आली 'पीस कोर'मधून. १९६६ ते १९८१ या काळात अमेरिकी तरुण स्वयंसेवक कोरियाच्या शाळांत आणि आरोग्यकेंद्रांत राहून आले. त्यांतलेच ब्रूस कमिंग्ज, कार्टर एकर्ट, लॉरेल केंडल पुढे या विषयाची मोठी नावं झाली. रॉबर्ट बसवेल यांची वाट आणखी निराळी. ते कोरियातल्या सोंगग्वांग मठात पाच वर्षं भिक्षू म्हणून राहिले, मग प्राध्यापक झाले आणि लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात त्यांनी कोरिया केंद्र उभं केलं.

वॅग्नर यांनी आयुष्य घातलं एका यादीत. कोरियन सहकारी सोंग जुनहो यांच्यासोबत त्यांनी जोसॉन काळात वरिष्ठ मुलकी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक माणसाची नोंद करायला घेतली. सुमारे १४,६०० नावं. प्रत्येकाचा बाप, आजा, पणजा, आईकडचा आजा, सासरा. वंशावळींचे हजारो खंड त्यासाठी उलथेपालथे केले. ही परीक्षा गुणवंतांना खुली होती, असा गोड समज होता. यादीतून दिसलं की उत्तीर्णांत मोजक्याच घराण्यांचा भरणा आहे. पुढे हान योंगउ या कोरियन इतिहासकाराने त्याच प्रकारच्या याद्या पुन्हा चाळल्या आणि खालच्या थरांतून वर आलेलेही बरेच होते असं मांडलं. वाद मिटलेला नाही. पण तो आता नावानिशी चालतो, ही वॅग्नर-सोंग यांची कमाई.

परक्या विद्वानाने येऊन घरातलं कपाट उघडलं की घरचे खूश होतातच असं नाही. स्विस संशोधक मार्टिना डॉइखलर यांनी १९९२ च्या ग्रंथात दाखवलं, की ज्याला कोरियन लोक आपली आदिम परंपरा समजतात, म्हणजे थोरल्या मुलाचा वारसा, पितरांच्या विधीवरचा पुरुषांचा हक्क, सून सासरी जाणं, ती फार जुनी नाहीच. जोसॉनच्या आधीच्या गोऱ्यो काळात मुलीला मुलाइतकाच वाटा मिळे आणि जावई सासुरवाडीला राहायला येई. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सत्तेवर आलेल्या कन्फ्यूशियस-पंथी पंडितांनी ग्रंथ वाचून समाज घडवायला घेतला, आणि तो वाकवायला त्यांना अडीचशे वर्षं लागली. हे वाचताना आपल्याही घरातल्या कितीतरी 'पूर्वापार' रीतींची जन्मतारीख शोधावीशी वाटते.

सिअ‍ॅटलचे जेम्स पॅले यांनी तर जोसॉन समाजाला दीर्घ काळ 'गुलामांचा समाज' म्हटलं. 'नोबी' हा वंशपरंपरेने बांधलेला वर्ग लोकसंख्येच्या तीस टक्क्यांच्या आसपास होता, हा त्यांचा आधार. अनेक कोरियन इतिहासकारांना हे रुचलं नाही. नोबींतले कित्येक जण वेगळं घर करून राहत, जमीनही बाळगत. त्यांना अमेरिकेतल्या मळ्यांवरच्या गुलामांच्या रांगेत कसं बसवता, हा त्यांचा सवाल. सवाल योग्यच आहे. पण नोबी विकले जात, हेही कागदावर आहे. कार्टर एकर्ट यांनी १९९१ मध्ये कोरियन भांडवलशाहीची मुळं जपानी अमलातल्या एका कापड गिरणीत दाखवली, तेव्हा झालेला गदारोळ त्याहून मोठा. गुलामीत राहिलेल्या देशाला आपला कारखानदार परकी सत्तेच्या मांडीवर वाढला, हे ऐकणं जड जातं. आपल्याला ते वेगळं सांगायला नको.

तरी कोरियाविद्या गोऱ्या प्राध्यापकांनी निर्माण केली असं समजण्याचं कारण नाही. गोऱ्योच्याही आधीच्या सिल्ला राज्याच्या काळापासूनची 'ह्यांगगा' गीतं चिनी अक्षरांचा कुठे अर्थ, कुठे नुसता उच्चार वापरून लिहिलेली आहेत. फक्त पंचवीस उरली आहेत. त्यांचा उलगडा १९२९ मध्ये ओगुरा शिम्पेई या जपानी प्राध्यापकाने केला. ते वाचून यांग जुदोंग नावाचा इंग्रजी साहित्याचा कोरियन शिक्षक अस्वस्थ झाला. आपली सर्वांत जुनी कविता आपल्याला जपान्याने वाचून दाखवावी? त्याने इंग्रजी बाजूला ठेवलं, जुनी कोरियन शिकून घेतली आणि १९४२ मध्ये स्वतःचा उलगडा छापला. त्याच वर्षी ऑक्टोबरात कोरियन भाषा मंडळाच्या माणसांची धरपकड सुरू झाली. गुन्हा काय, तर ते कोरियन भाषेचा शब्दकोश करत होते. दोघे तुरुंगातच मेले. कोशाचं हस्तलिखित, साडेसव्वीस हजार पानांचं, पुरावा म्हणून जप्त झालं आणि सप्टेंबर १९४५ मध्ये सोल रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडलं. पहिला खंड १९४७ मध्ये निघाला, सहावा १९५७ मध्ये. मोल्सवर्थचा कोश करायला कंपनी सरकारने पंडित नेमून दिले होते. दाते-कर्व्यांना वर्गणीदार जमवावे लागले, पण तुरुंगात जावं लागलं नाही.

हिंदुस्थानचा धागा या विषयात कुठे सापडतो? सगळ्यांना आठवते ती अयोध्येची राजकन्या. इ.स. ४८ मध्ये 'आयुता' देशातून समुद्रमार्गे आलेल्या हॉ ह्वांगओकने गाया राज्याच्या सुरो राजाशी लग्न केलं, ही कथा तेराव्या शतकातल्या 'सामगुक युसा' या ग्रंथात आहे. म्हणजे घटनेनंतर बाराशे वर्षांनी लिहिलेली. अयोध्येत स्मारक उभं राहिलं, भाषणं झाली. इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकू नये, एवढंच मी म्हणेन. दुसरा धागा होमर हल्बर्ट या अमेरिकन शिक्षकाचा. १८८६ मध्ये तो राजाच्या इंग्रजी शाळेत शिकवायला आला आणि १९०५ मध्ये त्याने कोरियन आणि द्राविड भाषांच्या तौलनिक व्याकरणाचं पुस्तक लिहिलं. वाक्याच्या शेवटी क्रियापद, नामाला मागून चिकटणारे प्रत्यय, बापाला 'आप्पा': त्याला नातं सापडल्यासारखं वाटलं. आजचे भाषाशास्त्रज्ञ ते मानत नाहीत. शेवटी क्रियापद तर मराठीतही येतं.

खरा धागा लिपीत आहे. हंगुलची रचना समजावणारा १४४६ चा मूळ ग्रंथ शतकानुशतकं बेपत्ता होता. तो १९४० मध्ये आंदोंग भागात सापडला. त्यात व्यंजनांचे पाच गट आहेत: दाढेचे, जिभेचे, ओठांचे, दातांचे, घशाचे. आपण पहिलीत कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दन्त्य, ओष्ठ्य घोकतो, त्याच जातीची ही वाटणी. उच्चाराच्या जागेवरून ध्वनी लावण्याची ही रीत बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासाबरोबर चीनमध्ये गेली आणि चिनी ध्वनिशास्त्रातून सेजोंगपर्यंत पोचली. 'क'सारख्या अक्षरावर एक रेघ वाढवली की 'ख'सारखा ध्वनी होतो, हे हंगुलचं कौतुक मराठी मुलाला दोन मिनिटांत कळतं. पुढे कोलंबियात प्राध्यापक झालेले गॅरी लेडयार्ड यांनी १९६६ च्या प्रबंधात आणखी एक पाऊल टाकलं. काही मूळ अक्षरं त्यांना कुब्लाई खानाच्या तिबेटी लामाने, फाग्स्पाने, १२६९ मध्ये केलेल्या लिपीवरून घेतलेली वाटली. ती लिपी तिबेटीवरून आली आणि तिबेटी ब्राह्मीच्या कुळातली. कोरियात हे मत फारसं मानलं जात नाही. उच्चार करणाऱ्या अवयवांच्या आकारावरून अक्षरं काढली, असं हंगुलचा तो मूळ ग्रंथच सांगतो. माझ्या मते दोन्ही खरं असायला अडचण नाही: कच्चा माल बाहेरचा, बुद्धी सेजोंगची.

'क' आणि 'ख' यांच्यातल्यासारखा फरक चुकला तर काय होतं, हेही बघण्यासारखं. कोरियन कादंबरीकार हान कांग यांना २०२४ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं. त्याआधी २०१६ मध्ये त्यांच्या 'द व्हेजिटेरियन'च्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, आणि लगेच टीकाकारांनी दाखवलं की त्यात एका ठिकाणी पायाचा हात झाला आहे. दोन्ही शब्दांत फरक तेवढाच, अल्पप्राण-महाप्राणाचा.

आज विद्यार्थ्यांची वाण नाही. अमेरिकेत २०१६ ते २०२१ या काळात परकीय भाषांच्या वर्गांतली पटसंख्या साडेसोळा टक्क्यांनी घसरली, कोरियनची मात्र अडतीस टक्क्यांनी वाढली. खुर्च्यांसाठी पैसाही आहे; १९९१ मध्ये स्थापन झालेलं कोरिया फाउंडेशन जगभरच्या विद्यापीठांना अध्यासनांसाठी मदत करतं. देशाचं नाव उजळावं म्हणून दिलेल्या पैशातून नोबींवरचं व्याख्यान व्हावं, ही त्यातली गंमत. आणि ते होत राहतं, ही त्या विषयाची तब्येत ठीक असल्याची खूण.

आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शाळेत शिकवण्याजोग्या परकीय भाषांत कोरियनचं नाव घातलं. पुण्याच्या आसपास रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई, तिकडे माणगावजवळ पोस्को. दुभाष्यांना काम आहे. (कोरियन माणूस ह्युंदाईला 'ह्यॉन्दे' म्हणतो. आपण तिचं नाव रोमन स्पेलिंगवरून उचललं. देवनागरी हाताशी असून!) मालिका बघत शिकायला लागलेली मुलं 'टोपिक' परीक्षेच्या सहा पातळ्या चढतात आणि नोकरीला लागतात. चांगलंच आहे. त्यांतल्या एक-दोघांनी तरी नोकरी सांभाळून वर्षभर हानमुनला द्यावं, अशी माझी विनंती आहे. त्याचं कारण सांगतो.

१९०८ मध्ये पॉल पेल्यो या फ्रेंच विद्वानाला चीनमधल्या तुनह्वांगच्या गुहेत एक फाटकी गुंडाळी मिळाली. सुरुवात नाही, शेवट नाही, मजकूर चिनी. ती हिंदुस्थानच्या पाचही भागांच्या यात्रेचं वर्णन करणारी होती. लिहिणारा ह्येचो हा चिनी नव्हे, सिल्लाचा कोरियन भिक्षू, हे जपानी विद्वान ताकाकुसू यांनी १९१५ मध्ये ठरवलं. ही नोंदही आधी चुकलीच होती. ७२० च्या दशकात ह्येचो मध्य हिंदुस्थानातून तीन महिने चालत दक्षिणेच्या राजाकडे आला. राजापाशी आठशे हत्ती आहेत, असं तो लिहितो. इथे सुती कापड, हत्ती, म्हशी आहेत, उंट-गाढवं नाहीत, भातशेती आहे. त्या काळी दख्खनवर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं आणि हा राजा चालुक्य विजयादित्य असावा, असा तर्क आहे. तिथून तो पश्चिम हिंदुस्थानाकडे निघाला. आपल्या मुलखाबद्दल कोरियन माणसाने लिहिलेला हा बहुधा पहिला कागद. तो आज पॅरिसच्या त्याच ग्रंथालयात आहे जिथे पाकबाई बसत, पेल्यो संग्रहात, चिनी विभाग, क्रमांक ३५३२. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट बघता येतो.